लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट

आमच्या विभागात एका इंग्रजी क्रियापदाला बंदी होती. चोरून वापरलं तरी ते सापडायचं, आणि सापडलं की हिरव्या शाईने खोडलं जायचं. क्रियापद होतं 'लीव्ह', आणि बंदी घालणारे होते नेसरीकर सर.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सोलापूरहून नोकरीसाठी मी बेंगळूरला आले होते. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं बनत, आणि ती कशी वापरायची हे सांगणाऱ्या पुस्तिका आम्ही पाच जण इंग्रजीत लिहीत असू. नेसरीकर सर आमचे प्रमुख. पहिल्याच आठवड्यात मी एका प्रेशर गेजच्या पुस्तिकेत 'डू नॉट लीव्ह द व्हॉल्व्ह ओपन' असं लिहिलं. कागद परत आला तेव्हा 'लीव्ह'च्या डोक्यावर 'कीप' बसलं होतं. दोन ओळी खाली 'बिफोर लीव्हिंग द रूम' होतं, तिथे 'बिफोर गोइंग आउट' झालं होतं. इंग्रजीत मला कॉलेजात बक्षीस मिळालेलं, त्यामुळे माझा तिळपापड झाला. कागद घेऊन मी तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेले.

"सर, यात चूक काय आहे?"

"चूक काहीच नाही. पण ह्या शब्दाचा भरवसा नाही," ते वर न बघता म्हणाले. "व्हॉल्व्ह तिथेच राहतो, त्यालाही लीव्ह. माणूस खोलीतून निघून जातो, त्यालाही लीव्ह. राहणाऱ्याला आणि जाणाऱ्याला एकच शब्द असेल तर वाचणाऱ्याने काय समजायचं?"

मला तो शुद्ध विक्षिप्तपणा वाटला. विभागातली कन्नड मंडळी सरांना सारु म्हणत, आणि पाठीमागे 'लीव्हसारु'. मीही आठवडाभरात म्हणायला लागले. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

सर उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यातले. हातात बारा महिने काळी छत्री. ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. पाऊस आला तरी ते आडोशाला उभे राहत आणि छत्री टेकून पावसाकडे बघत. टेबलावर एक लाकडी खोका असे, जुन्या गेजचा. रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या कागदांची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून त्यांनी त्यात लावली होती. एका कार्डावर एक शब्द, त्याचा जुना अर्थ, नवा अर्थ, त्याची नातीगोती. "शब्दाचं घराणं विचारल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये," असं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गप्पा मारत असू तेव्हा ते एका हाताने दहीभात खात आणि दुसऱ्या हाताने कार्डं चाळत.

कारखान्यातले कामगार रजेचे अर्ज त्यांच्याकडून तपासून नेत. खरं तर ते त्यांचं काम नव्हतं. एकदा आनेकलहून येणारा मुनियप्पा नावाचा फिटर अर्ज घेऊन आला. अर्जात त्याने लिहिलं होतं, 'माय वाइफ इज लीव्हिंग मी फॉर डिलिव्हरी, काइंडली ग्रांट थ्री डेज लीव्ह.' अर्ज आधी माझ्या हातात पडला. बायको बाळंतपणाला माहेरी निघाली होती बिचारी, आणि ह्याने तिला नवऱ्याला टाकून जायला लावलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळा विभाग खो खो हसला. मुनियप्पाही कळत नसताना हसला.

सर उठले. अर्ज माझ्या हातातून काढून घेतला, मुनियप्पाला खुर्ची दिली आणि स्वतःच्या हाताने नवा अर्ज लिहून दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्याने मनात कन्नड वाक्य केलं, आणि एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवला. आपण सगळे तेच करतो. तुमची चूक झाकली जाते, त्याची दिसते, एवढंच. एका शब्दावर माणसाला हसू नये, बाई. शब्द केव्हा कुणावर उलटेल सांगता येत नाही."

आवाज चढलेला नव्हता, पण मुनियप्पाचा जुना अर्ज त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. एका अर्जावरून माणूस एवढा का कासावीस व्हावा, हे मला समजेना.

दुसऱ्या दिवशी, जणू भरपाई म्हणून, त्यांनी मला एक कार्ड दाखवलं. "रजेचं लीव्ह आणि निघून जाण्याचं लीव्ह हे वेगळे शब्द, मूळच वेगळं. रजेचं लीव्ह म्हणजे परवानगी. आपली रजा तरी काय? अरबीतून आली, तिचाही अर्थ संमती. म्हणून तर आपण 'रजा घेतो' म्हणतो. समोरच्याने हो म्हटल्यावर निघायचं." मग कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि हे बघा, हे परवानगीचं लीव्ह खूप मागे गेलं तर आपल्या लोभाच्या घराण्यातलं निघतं. पत्राच्या शेवटी लिहितो ना, लोभ असावा? तो लोभ."

"आणि दुसरं लीव्ह, सर? निघून जाण्याचं?"

"ते कार्ड अजून पुरं झालेलं नाही," असं म्हणून त्यांनी खोका मिटला.

त्यांची आणखी एक खोड होती. संध्याकाळी मी "जाते, सर" म्हणाले की ते हातातलं काम थांबवत. "येते म्हणा." कन्नड सहकारी सुखी होते, कारण त्यांच्या भाषेत निघताना 'होगि बर्तीनि', जाऊन येतो, असंच म्हणतात. मी मुद्दाम चिडवायला कधी "जाते" म्हणायची, पण मी "येते" म्हणेपर्यंत ते मला दारातून हलू देत नसत.

वर्षभराने मला त्यांच्या घरी जेवायचं बोलावणं आलं. राजाजीनगरात दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात अबोलीच्या कुंड्या. सरांच्या पत्नी सरोजाक्का कन्नड होत्या. मराठी बोलत, पण स्वतःच्या चालीवर. सर दही आणायला कोपऱ्यावर गेले आणि मी थट्टेने विचारलं, "अक्का, घरीसुद्धा लीव्ह चालत नाही का हो?"

त्यांच्या हातातला झारा थांबला. "तुला सांगितलं नाही त्यांनी? अय्यो. ते कुणाला सांगत नाहीत. मी सांगते. मला ओझं झालंय."

सरांचं गाव गडहिंग्लजकडचं नेसरी. वडील कडक. मुलाने बेंगळूरला नोकरी धरली इथपर्यंत ठीक होतं, पण त्याने न विचारता कन्नड मुलीशी लग्न केलं तेव्हा त्यांनी कळवलं, मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही. धाकटा भाऊ बाळू मात्र चोरून पोस्टकार्डं पाठवायचा. मॅट्रिकचं वर्ष होतं त्याचं, म्हणून सर त्याला इंग्रजीत लिहायला लावत आणि चुका सुधारून कार्ड परत पाठवत. एकदा त्याने 'फादर वेंट' असं लिहिलं. सरांनी खोडून लिहिलं, 'वेंट काय, अडाण्यासारखं! माणूस गावाहून निघाला की लेफ्ट म्हणावं.'

"आणि मग एक दिवस तार आली," अक्का म्हणाल्या. "फादर लेफ्ट टुडे मॉर्निंग. खाली बाळू."

सरांना आनंदाने काय करू न काय नको असं झालं. वडील निघाले! राग सोडून निघाले! ते धावत तारऑफिसात गेले आणि उलट तार केली, 'व्हेरी हॅपी. वेटिंग.' सरोजाक्का नव्या नवरी. त्यांनी शेजारच्या मराठी बाईंकडून पुरणपोळी शिकून घेतली, आणि एक वाक्य घोकून पाठ केलं, 'यावं मामंजी, पाय धुवायला पाणी ठेवलंय.' दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या गाडीला सर स्टेशनवर गेले. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागू नये म्हणून नवी छत्री घेतली होती. वडील उतरले नाहीत. गाडी चुकली असेल म्हणून तिसऱ्या दिवशी गेले, चौथ्या दिवशीही गेले. डब्या-डब्यातून डोकावून आले.

"रोज सकाळी मी पाणी तापवून दारात ठेवायची," अक्का म्हणाल्या. "रोज ते एकटेच यायचे."

सहाव्या दिवशी सरांच्या मामांचं पत्र आलं. वर 'श्री' नव्हतं, दुखवट्याच्या पत्रावर नसतं तसं. ते न वाचताच सरांना कळलं.

बाळूने मनात 'बाबा गेले' म्हटलं होतं. गेले म्हणजे वेंट, आणि वेंट लिहायचं नाही, लेफ्ट लिहायचं, असं दादाने शिकवलं होतं. अठरा वर्षांचं पोर, बाप समोर पडलेला. त्याने दादाने शिकवलेला चांगला शब्द वापरला. तिकडे थोरल्या मुलासाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबले, मग धाकट्याने अग्नी दिला. स्मशानातून घरी परतले तर दारात तारवाला उभा होता. 'व्हेरी हॅपी.'

अक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ह्यांनी बाळूला किती पत्रं लिहिली. सगळी न फोडता परत. प्रत्येकाच्या शेवटी लोभ असावा. मी म्हटलं, सुम्ने, सरळ एकदा जाऊन सांगून टाका. गेले एकदा. तिथूनसुद्धा तसेच आले."

सर दही घेऊन आले. आमचे चेहरे बघून त्यांना कळलं असावं, पण त्यांनी दह्याचं भांडं ठेवलं आणि पानं मांडायला घेतली. जेवण झाल्यावर मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले आणि चालता चालता आपणहून म्हणाले, "नेसरीहून तसाच का परत फिरलो, ते तुमच्या अक्काला पटत नाही."

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"आठ वर्षांनी गेलो. ती तार खिशात घेऊन गेलो होतो. ती त्याच्यापुढे ठेवायची, त्याला कळेल, इतकंच ठरवलं होतं. घरी कळलं की तो शाळेत आहे. कुंपणापाशी पोचलो तर आत तास चालला होता. बाळूच शिकवत होता. इंग्रजी. पोरं ओरडत होती, गो वेंट गॉन. मग लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट. ते तर तीनतीनदा. तेव्हा मला कळलं, ही तार दाखवायची नाही. हा माणूस हेच शिकवून जगतो. आज तो माझ्यावर रागावलेला आहे, ते त्याला झेपतंय. एका शब्दापायी आपण दादाला बापाच्या सरणापासून अडवलं, हे कळलं तर तो स्वतःला खाईल. मी आलो परत."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी वर्षं पोटात दगड घेऊन फिरायचं, आणि त्याला नाव द्यायचं माया! मी म्हणाले, "सर, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या की. तुम्ही कोण परस्पर ठरवणार?"

"शब्द मी शिकवलेला होता, बाई," ते म्हणाले. बस आली. मी "येते" म्हणाले. त्या दिवशी चिडवायचं धैर्य नव्हतं.

नंतर आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही. पण माझ्या कागदांतून 'लीव्ह' नाहीसं झालं, आणि नवीन आलेल्या मुलांनी 'लीव्हसारु' म्हटलं की मी त्यांच्यावर खेकसायला लागले. त्यांना वाटे, हिलाही लागण झाली.

सर निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात ते एवढंच बोलले, "रजा घेतो. म्हणजे तुमची संमती मागतो." टाळ्या झाल्या. फाटकापाशी मुनियप्पाने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "होगि बन्नि, सार." जाऊन या. ज्या बाळंतपणासाठी त्याने तीन दिवसांची रजा घेतली होती, त्यात झालेली मुलगी आता शाळेत जात होती.

दीड वर्षाने त्यांना हृदयाचं दुखणं लागलं. रविवारी मी भेटायला जाई. शेवटच्या एका रविवारी त्यांनी ते राहिलेलं कार्ड मला दाखवलं. हिरवी अक्षरं वाकडी झाली होती. "पुरं झालं," म्हणाले. "ह्या लीव्हचा मूळ अर्थ निघून जाणं नाहीच. मागे ठेवणं, उरू देणं. शब्द जाणाऱ्याचा नव्हता, मागे राहतो त्याचा होता. आणखी मागे जा, म्हणजे चिकटणं. आपण भिंत लिंपतो ना, त्या लिंपण्याचा हा चुलतभाऊ." कार्डाला मागून एक पिवळा पडलेला कागद टाचलेला होता. ती तार होती. मी वाचली नाही. मला पाठ होती.

पुढच्या गुरुवारी दुपारी ते इस्पितळात वारले.

अक्का रडल्या नाहीत. मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या टेलिफोन बूथमध्ये घेऊन गेल्या. "ह्या वेळी मी कळवते. गेले म्हणायचं नाही ना? दुसरा अर्थ निघत नाही असा शब्द सांग."

"वारले," मी म्हणाले.

त्यांनी तो दोनदा पुटपुटून पाहिला. मग नेसरीच्या शाळेला फोन लावला, बाळूसरांना बोलावून घेतलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तुमचे दादा वारले. आम्ही थांबतो. तुम्ही या."

मला वाटत होतं, येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या गाडीला मी स्टेशनवर गेले. ओळखणार कसं, हा प्रश्नच पडला नाही. उंच, काटकुळा, पन्नाशीचा माणूस डब्यातून उतरला आणि सरांसारखाच मान वाकडी करून इकडेतिकडे पाहू लागला. मी त्यांना रिक्षाने घरी आणलं.

घरात आमच्या विभागातली मंडळी बसली होती. अक्का आतून उठून दारात आल्या, आणि इतक्या वर्षांपूर्वी घोकलेलं वाक्य, एक शब्द बदलून, म्हणाल्या, "यावं भावजी. पाय धुवायला पाणी ठेवलंय." बाळूसर उंबऱ्याबाहेरच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. सरांना मूलबाळ नव्हतं. अग्नी त्यांनीच दिला.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आल्यावर व्हरांड्यात बाळूसर आणि मी, दोघंच होतो. अक्कांनी तो खोका बाळूसरांच्या मांडीवर आणून ठेवला होता. त्यांनी ते कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं, आणि तारेवरून अंगठा फिरवत राहिले. जे सरांनी आयुष्यभर लपवलं ते आता उघडं झालं, आणि मी बघत बसले होते.

"तुम्हास्नी माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही हो. तुम्हाला कळलं तर तुम्ही स्वतःला दोष द्याल, म्हणून."

त्यांनी कार्ड खोक्याच्या कडेवर टेकवलं.

"बाई, मी इंग्रजीचा मास्तर आहे," ते म्हणाले. "पहिली चार वर्षं रागानं पत्रं परत धाडली. मग शाळेत लागलो, पोरांना शिकवायला लागलो, आणि एक दिवस फळ्यावर तो शब्द लिहिला आणि हात तिथंच थांबला. तवाच कळलं मला, आपण काय लिहून बसलो. दादाचं 'हॅपी' कशाचं होतं, ते बी कळलं. पुढची पत्रं लाजेनं परत धाडली. कुठल्या तोंडानं फोडणार? मग पत्रंच यायची थांबली."

आत अक्का भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"एकदा आला होता तो," बाळूसर म्हणाले. "मी खिडकीतनं बघितलं. कुंपणाशी उभा, एका हातात छत्री, दुसरा हात खिशात. वर्ग सोडून जाऊन काय बोलायचं? मग मी पोरांना म्हटलं, लीव्हचं रूप म्हणा. मोठ्यानं म्हणा. पुन्हा म्हणा. तीनदा म्हणायला लावलं. त्याला ऐकू जावं म्हणून. मला कळलंय, हे त्याला कळावं म्हणून."

त्यांनी कार्ड खोक्यात जागच्या जागी ठेवलं.

"पोरं म्हणत होती, आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, आता आत येतोय. तिसऱ्यांदा म्हणून झालं आणि बघितलं, तर कुंपणाशी कुणी नव्हतं."